वाचक विचारतात : चॅट बंद, बॅकअप उघडा

प्रश्न : माझे चॅट एनक्रिप्टेड, म्हणजे दोघांशिवाय कुणाला वाचता न येणारे, आहेत. मग पाळत ठेवणाऱ्याला दिसतं तरी काय? आणि गुन्हेगार पकडायला सरकारला हे कुलूप उघडायची एक चावी दिली, तर बिघडलं कुठे?

उत्तर : मजकूर दिसत नाही, पण कुणाशी, कधी, किती वेळा बोललात याची नोंद राहू शकते. पहाटे दोनला डॉक्टर, लगेच वकील, मग भाऊ. मजकूर वाचायची गरज उरते का?

खरी गळती बॅकअपमध्ये, म्हणजे चॅटच्या क्लाउडवर ठेवलेल्या प्रतीत; चॅटचं कुलूप तिला आपोआप लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एनक्रिप्टेड बॅकअप सुरू करा. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. विसरलात तर कंपनीही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. (समोरच्याने हे केलं नसेल, तर तुमचे मेसेज त्याच्या बॅकअपमध्ये उघडेच.)

चावीचं म्हणाल तर ग्रीस आठवा. २००४-०५ मध्ये तिथे पंतप्रधानांसह शंभराच्या आसपास जणांचे मोबाइल चोरून ऐकले गेले. त्यासाठी नवं काही बसवावं लागलं नाही, असं नाही. पण मुख्य यंत्रणा मोबाइल कंपनीच्या एक्सचेंजमध्ये (कॉल जोडणाऱ्या केंद्रात) आयतीच होती, पोलिसांच्या कायदेशीर टॅपिंगसाठी ठेवलेली. घुसखोरांनी तीच चालू केली, आणि अर्थातच कोर्टाचा आदेश न मागता.