खिंकालीतला ‘अल’

जॉर्जियाच्या राजधानीत, त्बिलिसीत डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलीकडे महिनाभर राहून आलेल्या एक बाई विचारतात: ‘मुलीच्या घरमालकीणबाई आम्हांला त्यांच्या माहेरी, पासानौरीला घेऊन गेल्या. तिथे त्यांच्या आईच्या हाताखाली मी दोन दिवस खिंकाली करायला शिकले. त्यावर मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिला, तर मुद्रितं तपासणाऱ्यांनी सगळीकडे खिंकाळी करून टाकलं. बरोबर काय? अनेकवचन कसं करायचं? आणि वरच्या गाठीला मराठीत काय म्हणू? मुलगी सांगते, तिकडे तिला टोपी म्हणतात.’

पदार्थ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गव्हाच्या घट्ट पिठाची पारी, आत कच्चा खिमा आणि कांदा पाणी घालून सैल केलेला, मोदकासारख्या चुण्या घालून वर गाठ, आणि मग मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवणं. आत घातलेल्या त्या पाण्याचाच शिजताना रस्सा होतो. पासानौरी म्हणजे काळी अराग्वी आणि पांढरी अराग्वी या नद्या जिथे मिळतात ते गाव. खिंकालीसाठी जॉर्जियात त्याचं नाव आदराने घेतात, तेव्हा बाई योग्य घरी शिकल्या.

आता तो ळ. हा ळ माझ्या कानावर वारंवार येतो आणि दर वेळी माझा संताप होतो. खिंकाळी घोड्याची असते! मराठीत किंकाळी, खिंकाळी, डरकाळी, आरोळी अशी गळ्यातून फुटणाऱ्या आवाजांची एक सबंध पंगत बसलेली आहे. ‘गरम खिंकाळी ताटात आली’ असं छापलं की वाचणाऱ्याचं मन थेट पागेत जातं. जॉर्जियन भाषेत ळ हा वर्णच नाही. तिथला ल आपल्या लाटण्यातला, साधा. शब्द परका आहे म्हणून त्याला मराठी करून घ्यावं, हे मला मान्य आहे. पण ज्या जागी आपला दुसरा शब्द आधीच बसलेला आहे, तिथे पाहुण्याला ढकलणं म्हणजे मराठी करून घेणं नव्हे. खिंकाली लिहा.

उच्चाराचं आणखी एक. सुरुवातीचा ख फारसी खबरेतला, घशात घासून येणारा. मधला क श्वास अडवून, खटका देऊन सोडलेला. हा खटका आपल्याकडे नाही, पण बाकी जॉर्जियन मराठी जिभेला फार परकं नाही. पिठाच्या गोळ्याला तिथे ‘चोमी’ म्हणतात, आणि त्यातला च चमच्यातला, चरित्रातला नव्हे. सारणात पडतं ते ‘जिरा’, आणि त्यातला ज जाडमधला. हे जिरा फारसीतल्या झीराच्या गोतातलं, आणि ते गोत संस्कृतातल्या जीरकापर्यंत, म्हणजे आपल्या फोडणीच्या डब्यापर्यंत येतं. डोंगरातल्या माणसाच्या खिम्यात आणि आपल्या वरणात एकच शब्द पडतो, याचा मला मनापासून आनंद होतो.

पण हे उत्तर मी लिहायला घेतलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

खिंकालीच्या टोकाची ई काढून बाजूला ठेवा. ती शब्दाची नाही, जॉर्जियन प्रथमा विभक्तीची आहे. व्यंजनात संपणाऱ्या कुठल्याही नामाला ती चिकटते, बँकेचीसुद्धा तिथे ‘बँकी’ होते. खुद्द त्बिलिसीचं अंग ‘त्बिलिस’ एवढंच. शहरात आहे असं सांगायचं झालं की ई गळते आणि ‘त्बिलिस्शी’ होतं. तेव्हा आपल्या हातात उरला ‘खिंकाल’.

आता कॉकेशसची मुख्य रांग ओलांडून रशियातल्या दागिस्तानात उतरा. तिथे हाच शब्द ईशिवाय भेटतो: खिंकल. पदार्थ मात्र निराळा. सारण नाही, गाठ नाही. कणकेचे तुकडे मांसाच्या रश्श्यात शिजवायचे आणि उकडलेलं मांस, लसणाचं वाटण, वाटीत तोच रस्सा, असं सगळं मांडून खायचे. अवार लोक ते जाड आणि फुगीर करतात, कुमिक आणि लेझगी लोक पातळ चौकोनी, लाक लोक लहान शिंपल्यांसारखे. मराठी माणसाने पाहिलं तर तो ताबडतोब ‘अहो, ही तर वरणफळं!’ म्हणेल. कोणी चकोल्या म्हणेल. वरणाच्या जागी मांसाचा रस्सा, एवढाच फरक.

आणि आता मजा. अवार भाषेत ‘खिंक’ म्हणजे पाण्यात शिजवलेला कणकेचा गोळा. ‘अल’ हा त्या भाषेतला अनेकवचनाचा प्रत्यय. खिंक एक, खिंकल अनेक. म्हणजे जॉर्जियन खिंकालीच्या पोटात अवारांचं अनेकवचन अख्खंच्या अख्खं बसलेलं आहे! अवार आणि जॉर्जियन या सख्ख्या काय, चुलत बहिणीही नाहीत. दोघींची कुळं वेगळी, नातं शेजाराचं. त्यामुळे शब्द उचलताना त्यातला अल वेगळा काढावा, हे जॉर्जियन कानाला सुचण्याचं कारण नव्हतं. त्याने तो सगळा एकच नग समजून घेतला, वर आपली ई लावली, आणि पुढे गरज पडली तेव्हा आपलं स्वतःचं अनेकवचन केलं: ‘खिंक्लेबी’. अनेकवचनाच्या डोक्यावर अनेकवचन.

हे तिकडचं नवल म्हणून सोडून देऊ नका, आपण हेच शतकानुशतकं करत आलो आहोत. उमराव हे अमीरचं अरबी अनेकवचन, आपल्याकडे एकटा उमराव झाला. नवाब मुळात नायबाचं अनेकवचन. औलाद म्हणजे अनेक वलद. असामी तर दुहेरी आहे. इस्म म्हणजे नाव, त्याचं अनेकवचन अस्मा, त्याचंही अनेकवचन असामी. आणि मराठीत ‘ती मोठी असामी आहे’! एकटी बाई किंवा एकटा बुवा, आणि पोटात अनेकवचनाचं अनेकवचन. सगळ्यांत सुंदर जोडी हाल आणि अहवालाची. अरबीत हाल एकवचन, अहवाल त्याचं अनेकवचन. मराठीने नेमकं उलटं केलं. आपल्याकडे हाल नेहमी अनेक असतात, ‘त्याचे फार हाल झाले’. अहवाल मात्र एकच असतो आणि तो सादर होतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं त्या दिवशी भेटेल त्याला मी सांगत सुटलो होतो.

याबाबत माझं एक मत आहे आणि मी ते पक्कं धरून आहे. जी वस्तू ढिगाने भेटते, तिचं नाव ढिगासकट उचललं जातं. उमराव दरबारात घोळक्याने दिसत, म्हणून घोळक्याचं नाव घरी आलं. असामी आली ती यादीतून, आणि यादीत नाव कधी एकटं नसतं. खाण्याच्या पदार्थांचं तर विचारूच नका. शेजाऱ्याच्या घरी पानात एकच खिंक कोण वाढतं? पातेल्यातून उपसून वाढतात ते खिंकल. पाहुण्याच्या कानावर पडतं ते अनेकवचन, तो तेच घेऊन डोंगर उतरतो. ‘एक मोमोज द्या’ म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडीही हेच चाललेलं आहे. त्याने तो स पाटीवरून उचलला, आणि पाटीवर एकाच मोमोचं नाव कोण रंगवतं? त्याला मी नावं ठेवत नाही. खिंकालीला ‘जॉर्जियन मोमो’ म्हणणाऱ्यांना मात्र ठेवतो. मोमो बहुतेक वाफेवर होतात, खिंकाली पाण्यात. आणि हिला स्वतःचं नाव असताना दुसरीच्या नावाने हाक का मारायची?

व्युत्पत्तीबद्दल दोन वेगळी मतं माझ्या कानावर आली आहेत. ती मला मान्य नाहीत आणि गुळमुळीत बोलायची मला सवय नाही. पहिलं मत असं की खिंकाली मंगोलांनी आणली. पारीत मांस भरण्याची कल्पना कुठून कुठे गेली, यावर वाद जरूर घाला. पण प्रश्न शब्दाचा आहे. मंगोल ज्याला ‘बूझ’ म्हणतात तो शब्द चिनी ‘बाओझ’वरून आला. मध्य आशियापासून तुर्कस्तानापर्यंत पसरला तो ‘मांती’. खिंकाली मंगोलांबरोबर आली असती तर नाव यांपैकी कुणाच्या तरी कुळातलं निघालं असतं. पदार्थाचा प्रवास आणि शब्दाचा प्रवास एकच धरून चालणं ही चूक इतक्या थोरांकडून होते की वाईट वाटतं.

दुसरं मत आपल्याच एका व्युत्पत्तिप्रेमी गृहस्थांचं. ते खिंकाली ‘किङ्किणी’पासून काढतात, कारण आकार घुंगरासारखा! ध्वनी थोडा जुळला आणि आकार थोडा जुळला की यांची व्युत्पत्ती तयार. मधली भाषा कोणती, वाट कोणती, ख कुठून आला, ण कुठे गेला, याचं उत्तर नाही. संस्कृतावरचं प्रेम मी समजू शकतो, माझंही आहे, पण ते असं उधळायचं नसतं.

जुळणाऱ्या ध्वनींनी केवढं फसायला होतं, याचं सुरेख उदाहरण बाईंच्याच पत्रात आहे. त्या लिहितात, आजींना, म्हणजे घरमालकीणबाईंच्या आईंना, जॉर्जियनशिवाय भाषा येत नव्हती. बाईंनी पहिली पारी मोदकाच्या सवयीने तळहातावर घेऊन कळ्या पाडायला सुरुवात केली, तशी आजींनी ती हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, ‘अरा.’ म्हणजे नाही. मग पारी ओट्यावर ठेवली, मधोमध सारण घातलं, एका अंगठ्याने कडेची चुणी धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने पुढची पुढची चुणी त्या अंगठ्याखाली सरकवत गोल पुरा केला. करताना म्हणाल्या, ‘असे.’ बाई थबकल्याच, कारण अर्थही तोच होता: असं, या पद्धतीने! जॉर्जियन ‘असे’ आणि मराठी ‘असे’ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण दोन दिवस एका ओट्याशी दोघींचं काम त्या एका शब्दावर चाललं. बाईंच्या चुण्या ११ च्या पुढे जाईनात. आजींच्या प्रत्येक वेळी १९ भरत.

तर अनेकवचन. जॉर्जियनमध्ये आकड्यापुढे नाम एकवचनातच राहतं: ‘खुती खिंकाली’ म्हणजे पाच, ‘अती खिंकाली’ म्हणजे दहा. आपल्याकडे कामाच्या रगाड्यात ‘चाळीस पोळी लाटून झाली’ म्हणतात, तसंच. म्हणून ‘दहा खिंकाली मागवली’ हे मराठीत कानाला खटकत नाही. एरवी पोळीसारखी स्त्रीलिंगी धरून सरळ ‘खिंकाल्या’ करा. मुळात अल आहे म्हणून ‘खिंकाल्या’ चुकीचं, असा आक्षेप कोणी घेतलाच, तर त्यांना ‘असाम्या’ म्हणणं आधी बंद करायला सांगा.

गाठीचं राहिलं. तिला टोपी म्हणत नाहीत, शेपूट म्हणतात. मुलीचा कान फसला आणि तो कोणाचाही फसेल. जॉर्जियनमध्ये शेपूट म्हणजे ‘कुदी’, खटका देऊन सोडलेल्या कचं. टोपीच्या शब्दात तोच क हवा सोडून येतो, जवळजवळ आपल्या खांबातला ख, म्हणजे ‘खुदी’. गाठ डोक्यावर असल्यामुळे टोपी हा अर्थ पटकन पटतो, आणि म्हणूनच ही चूक चिकटून राहते. काही जण गाठीला ‘कुची’, म्हणजे पोट किंवा जठर, असंही म्हणतात.

मराठीत शेपूट नको, शेंडीही नको, आणि मोदकाचं नाक तर नकोच, कारण ते आपण खातो. ही गाठ जाड असते, पाण्यात नीट शिजत नाही. तिला धरून खिंकाली उलटी करायची, बाजूला लहानसा चावा घेऊन आधी रस्सा ओढून घ्यायचा, उरलेली खायची आणि गाठ ताटात ठेवायची. भरल्या वांग्याचं आपण काय करतो? धरतो कशाला आणि ताटाच्या कडेला ठेवतो काय? देठ. लेखात देठ लिहा. कोणी किती खाल्ल्या ते तिकडे याच देठांवरून मोजतात. बाई लिहितात, दुसऱ्या रात्री आजींनी त्यांच्या ताटातले देठ बोटाने एकेक सरकवत मोजले, ७ भरले, आणि पातेल्यातून आणखी ३ खिंकाल्या काढून वाढल्या.