घरचं मत्स्यखाद्य: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मी-निम्मी देतो. रोहू-कटल्याला एवढं पुरतं का?

पुरतं, पण तळ्याच्या भरवशावर. कोंड्यात साधारण १२ टक्के प्रथिनं, पेंडीत ४० ते ४५. म्हणजे मिश्रण २६-२८ टक्क्यांवर येतं. वाढीला लागलेल्या माशांना तेवढं चालतं. जीवनसत्त्वांची उणीव पाण्यातल्या प्लवंगांवर, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, भरून निघते. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात पाणी नितळ राहत असेल, तर किलोमागे १० ग्रॅम खनिज-जीवनसत्त्व मिश्रण घाला. बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, प्रथिनं जास्त लागतात. तिच्यासाठी मासळीचा कुटा मिसळा.

प्रश्न: घरचं सोयाबीन दळून घातलं तर?

कच्चं नको. त्यातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. उकडून किंवा नीट भाजून, मगच दळा.

प्रश्न: पेंडीला बुरशी आली आहे. कडक उन्हात वाळवून वापरू का?

नाही. बुरशी मरेल, पण तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष उन्हानं काय, भाजूनही पुरतं जात नाही. यकृतावर घाव घालतं ते. अशी पेंड गुरांनाही घालू नका, विष दुधात उतरतं.

प्रश्न: खाद्य पाण्यात पडताच विरघळतं. काय करावं?

पेंड रात्रभर भिजवा, सकाळी कोंडा मिसळा आणि शिजवलेल्या पिठाची खळ घालून घट्ट मळा. लिंबाएवढा गोळा पाण्याच्या ग्लासात सोडून बघा. अर्धा तास आकार धरून राहिला तर जमलं. पाणी लगेच गढूळ झालं तर खळ कमी पडली. गोळ्या पाडायची हौस नसेल तर सरळ भोकं पाडलेल्या पोत्यात खाद्य भरून बांबूला टांगा. मासे भोकांतून ओढून खातात, नासाडी कमी. मला हीच पद्धत पसंत आहे.

प्रश्न: खाद्य दुप्पट केलं तरी वजन वाढेना. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. खाद्य निकृष्ट आहे का?

खाद्य जास्त आहे. न खाल्लेलं तळाशी कुजतं, कुजताना प्राणवायू ओढतं, आणि पहाटे तो मुळात सर्वांत कमी असतो. गुदमरलेला मासा खाईल कसा?

हिशेब असा: जाळं टाकून थोडे मासे तोला. सरासरी २०० ग्रॅम आणि मासे ५०० असतील, तर एकूण वजन १०० किलो. त्याच्या २ ते ३ टक्के, म्हणजे दिवसाला दोन-तीन किलो कोरडं खाद्य, दोन वेळांत विभागून. काही खाद्य ताटात ठेवून पाण्यात सोडा, दोन तासांनी वर काढा. ताटात उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी करा. आभाळ भरून आलं की निम्मंच द्या.

तुमच्या तळ्यात सध्या खाद्य पूर्ण बंद ठेवा, शक्य असेल तितकं ताजं पाणी घ्या. पहाटेचं वर येणं थांबल्यावर निम्म्यानं सुरू करा.