सुपरनोव्हाचा फुसका बार

प्रश्न : सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा स्फोट, अख्ख्या गॅलक्सीएवढा उजेड असं वाचलं होतं, मग 'अंधुक सुपरनोव्हा' ही काय भानगड आहे? लांब असतो म्हणून अंधुक का? आणि नेमकं काय फुटलं हे इथं बसून कसं कळतं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : लांब आहेत म्हणून अंधुक दिसणारे ढिगाने आहेत, ते सोडा. काही मुळातच कमजोर असतात. गॅलक्सीचं अंतर माहीत असलं की खरा उजेड किती ते गणिताने काढता येतं, आणि तिथंच हे पकडले जातात. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅरोलाइन मूर नावाच्या १४ वर्षांच्या मुलीने हौशी लोकांच्या शोधमोहिमेत फोटो तपासताना असाच एक शोधला, नाव एसएन २००८एचए. अंतर साधारण ७ कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे सुपरनोव्हाच्या हिशोबात शेजारच, तरीही नेहमीच्या टाइप वनए (श्वेत बटू फुटून होणाऱ्या) सुपरनोव्हापेक्षा उजेड जवळजवळ १०० पट कमी. निव्वळ फुसका बार!

आता फुटलं काय, यावर खरी भांडणं झाली. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करून काढलेल्या पट्ट्यात, हायड्रोजन नाही, आणि मटेरियल बाहेर फेकलं जातंय ते सेकंदाला फक्त २ हजार किलोमीटरने, नेहमी हाच आकडा १० हजारांच्या घरात असतो. एका गटाचं म्हणणं, हा मोठा तारा आहे, गाभा कोसळला आणि बराचसा माल परत आतच पडला. दुसरा गट म्हणाला नाही, हा श्वेत बटूच आहे, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गोळा, फक्त नीट पेटला नाही. मग सुरुवातीच्या दिवसांतल्या एका स्पेक्ट्रममध्ये गंधकाच्या रेषा सापडल्या, कार्बन-ऑक्सिजन जळाल्याची ती खूण, आणि पारडं श्वेत बटूकडे झुकलं. सुपरनोव्हाचा उजेड येतो किरणोत्सारी निकेलमधून, ते इथं सूर्याच्या वस्तुमानाच्या हजारात तीन भाग इतकंच तयार झालं होतं, म्हणून तो एवढा मंद. मला दुसऱ्या गटाचंच पटतं.

प्रश्न : म्हणजे तारा फुटूनसुद्धा शिल्लक राहू शकतो?

उत्तर : तसं दिसतंय खरं, आणि याचा सगळ्यात भारी पुरावा दुसऱ्याच एका सुपरनोव्हाचा आहे, याच जातकुळीतला पण जरा तेजस्वी, एसएन २०१२झेड, एनजीसी १३०९ गॅलक्सीतला. योगायोग बघा, ती गॅलक्सी हबल अवकाश दुर्बिणीने स्फोटाच्या कितीतरी आधीच फोटोत घेऊन ठेवली होती, तेव्हा जुने फोटो काढून बघितले तर बरोबर त्या जागी एक निळसर तारा! बहुतेक श्वेत बटूला हेलियम पुरवणारा जोडीदार असावा. सगळ्यांना वाटलं स्फोटाचा उजेड ओसरला की एकतर तो जोडीदार तेवढा उरेल नाहीतर काहीच नाही. पण काही वर्षांनी हबलने परत बघितलं तर तिथला उजेड आधीपेक्षा जास्तच! म्हणजे जोडीदार तर आहेच, वर श्वेत बटूचा उरलेला, तापून फुगलेला गोळाही असावा असा अंदाज २०२२ मध्ये छापून आला. पाठ्यपुस्तकात मात्र अजून 'श्वेत बटू पूर्ण नष्ट होतो' एवढंच शिकवतात, चालायचंच.

प्रश्न : आमच्या ८ इंची टेलिस्कोपमधून दिसेल का?

उत्तर : डोळा लावून नाही दिसणार हो. २००८एचए जेमतेम १८ मॅग्निट्यूडच्या (तेजस्वितेचं माप, आकडा जितका मोठा तितका मंद) आसपास होता, म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्याहून साधारण ६० हजार पट फिका. कॅमेरा, लांब एक्स्पोजर आणि काळंकुट्ट आकाश लागेल. आपल्याकडे लडाखात हानलेला आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ७० सेंटीमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण अशा स्फोटांच्या मागे असते, आणि शेजारीच २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण स्पेक्ट्रम घेते. कामाचा स्पेक्ट्रम सुरुवातीच्या मोजक्या दिवसांतलाच, तेवढ्यात हानलेवर ढग आले की बसा बोंबलत.