कॉर्टिसॉल एकच, मग मेंदूतील जनुकांवर त्याचे परिणाम वेगवेगळे कसे?

कॉर्टिसॉल रोज स्रवते आणि तणावातही स्रवते, मग मेंदूतील पेशीला या दोन प्रसंगांतला फरक कळतो कसा, असे आपण विचारले आहे. थोडक्यात उत्तर असे, की हे संप्रेरक ओळखणारे ग्राही दोन आहेत आणि जनुकावर होणारा परिणाम त्या दोघांच्या परस्परसंबंधांवर ठरतो.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, आणि कुलूप-किल्लीची उपमा वर्गात मी आताशा टाळतो. हे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर बसून राहत नाहीत. ते पेशीद्रवात इतर प्रथिनांच्या सोबतीने असतात आणि संप्रेरक चिकटताच केंद्रकात जाऊन थेट डीएनएला बिलगतात. म्हणजे येथे कुलूपच जागेवरून उठून चालू लागते.

ब्रूस मॅक्इवेन यांनी 1968 मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवले की टोचलेले किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांमधील कॉर्टिसॉलचा जोडीदार, हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, विशेष साठून राहते. पुढे 1985 मध्ये रॉयल आणि द क्लुट यांनी तेथील दोन ग्राही वेगळे ओळखले. त्यांपैकी मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राही हे संप्रेरक सुमारे दहापट घट्ट धरतो, त्यामुळे ते कमी असतानाही तो बहुतांशी भरलेला असतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही मात्र तणावात किंवा दैनंदिन चढाच्या वेळीच मोठ्या प्रमाणावर भरतो. (पहिल्याचे नाव क्षारांवरून पडले आहे, कारण मूत्रपिंडात तो अल्डोस्टेरॉन या क्षारांचे नियमन करणाऱ्या संप्रेरकासाठी राखलेला असतो. तेथील एक विकर कॉर्टिसॉलला निष्क्रिय करते. मेंदूच्या बहुतेक भागांत ते विकर नसल्याने कॉर्टिसॉललाच मोकळे रान मिळते.)

खरी गंमत याच्या पुढे आहे. दोन्ही ग्राही डीएनएवरील जवळजवळ त्याच, पंधरा अक्षरांच्या खुणेवर बसतात, आणि बसताना सहसा जोडीने बसतात. ही जोडी सारख्या दोघांची असू शकते, तशीच एका मिनरलो आणि एका ग्लुकोची मिश्र जोडीही असू शकते. उंदरांना सक्तीने पोहायला लावल्यानंतर हिप्पोकॅम्पसमधील काही जनुकांवर अशी मिश्र जोडी वाढलेली 2016 मध्ये आढळली. विशेष म्हणजे मिनरलो ग्राही आधीपासून भरलेला असूनही डीएनएवर त्याची उपस्थिती तणावानंतरच ठळकपणे वाढली. म्हणजे ग्राही भरणे आणि जनुकावर बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तकांत नेमका हाच भेद पुसला जातो.

त्या जनुकांपैकी एफकेबीपी5 हे मला सर्वांत बोलके वाटते. ग्राही त्यावर बसले की त्यापासून एक प्रथिन तयार होते. ते पेशीद्रवात ग्लुको ग्राहीच्याच सोबत्यांमध्ये सामील होऊन त्याची संप्रेरक धरण्याची ताकद कमी करते आणि केंद्रकाकडे जाण्याची त्याची वाट अवघड करते. अशा रीतीने ग्राही स्वतःलाच लगाम घालणाऱ्या प्रथिनाचे उत्पादन वाढवतो, आणि हे चक्र त्या एका पेशीच्या आतच पूर्ण होते.

मात्र हा हिशेब सर्वत्र सारखा नाही. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडील भागाच्या ज्या गाभ्यातून तणावाची साखळी सुरू होते, तेथे मिनरलो ग्राही फार थोडे आणि ग्लुको ग्राही विपुल आहेत. तेथे कॉर्टिसॉल वाढले की सीआरएच या संप्रेरकाच्या जनुकाचे काम मंदावते आणि कॉर्टिसॉल स्रवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीकडे जाणारा आदेशच क्षीण होतो.