उष्ण कटिबंधातील समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्त पाहण्यासाठी उत्तम जागा कशी शोधावी?

आपल्या प्रश्नातील ‘उत्तम जागा’ हे शब्द वाचून मी किंचित चिडलो, हे आधीच कबूल करतो. याच दोन शब्दांवरून माझे आणि थोरल्या भावाचे काही वर्षांपूर्वी जे बिनसले, ते अद्याप पुरते मिटलेले नाही. तारीख ठरल्याशिवाय जागा ठरवता येत नाही, असे माझे म्हणणे. सूर्य पश्चिमेला मावळतो आणि किनाऱ्याचे तोंड पश्चिमेला आहे, मग त्यात शोधायचे काय, असे दादाचे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही घरची नऊ माणसे किनाऱ्यावर गेलो होतो. दादाने एक छायाचित्र पाहून जागा निश्चित केली होती: पाण्यात उभे दोन काळे खडक आणि त्यांच्या बरोबर मधल्या फटीत टेकलेले सूर्यबिंब. छायाचित्र कोणत्या महिन्यातले आहे, असे मी दोनदा विचारले, तेव्हा “तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचं असतं,” एवढेच उत्तर मिळाले. आईसाठी घडीची खुर्ची मांडली, मुलांना कठड्यापाशी ओळीने उभे केले आणि आम्ही त्या फटीकडे पाहत राहिलो. सूर्यास्ताच्या वेळेला अजून ४०-४५ मिनिटे अवकाश असताना सूर्य डावीकडच्या भूशिराच्या झाडीमागे गेला. खडकांच्या फटीत नुसते पांढरट पाणी होते. धाकट्या पुतण्याने “झाला का?” असे विचारले. दादाने घड्याळाकडे पाहिले आणि ढग आला असेल असे सांगितले, वास्तविक त्या बाजूला ढगाचा ठिपकाही नव्हता.

सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारासच. जूनच्या अखेरीस तो पश्चिम बिंदूच्या उत्तरेला आणि डिसेंबरच्या अखेरीस दक्षिणेला सरकलेला असतो, मग आपण विषुववृत्ताच्या अलीकडे असा की पलीकडे. हे सरकणे विषुववृत्तावर प्रत्येक बाजूला सुमारे साडेतेवीस अंश असते आणि २० अक्षांशावर ते २५ अंशांपर्यंत जाते, म्हणजे दोन टोकांमध्ये तब्बल ५० अंशांचा फरक पडतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशाचा साधारण १० अंशांचा भाग झाकते, त्यामुळे हा फरक म्हणजे शेजारी शेजारी धरलेल्या पाच मुठी. दक्षिणायन हा शब्द लहानपणापासून कानावर पडलेला असताना सूर्य खरोखरच दक्षिणेकडे जातो, हे कठड्यापाशी उभे राहिल्यावर मान्य करायला माणसाला एवढे जड का जावे, हे मला कळलेले नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे की, जाण्याच्या तारखेला सूर्य किती अंशांवर मावळतो ते पाहावे, नकाशावर आपल्या उभ्या राहण्याच्या ठिकाणापासून त्या दिशेने रेघ ओढावी आणि ती दूरपर्यंत पाण्यावरूनच जाते का, ते तपासावे. वाटेत टेकडी आली आणि ती क्षितिजावर एक मूठ उंच दिसत असेल, तर पाऊण तास आधीच खेळ आटोपला असे समजावे. किनारा पूर्वाभिमुख असला तरी निराश होण्याचे कारण नाही. खाडीचे मुख, वाळूच्या दांड्याची आतली बाजू किंवा भूशिराचा पश्चिमेकडचा उतार शोधला, तर तिथेही सूर्य पाण्यावर मावळताना सापडतो. शिवाय सूर्यास्तानंतर पूर्वेच्या क्षितिजातून निळसर-राखी पट्टा वर चढतो आणि त्याच्यावर गुलाबी कड असते. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली.

उंच जागाच चांगली, हा दादाचा दुसरा लाडका सिद्धान्त. वाळूत उभे राहिल्यास क्षितिज पाचएक किलोमीटरवर असते आणि ३० मीटर उंचीवरून ते सुमारे २० किलोमीटरवर जाते, हे खरे आहे. परंतु त्यामुळे सूर्य जास्त दिसतो तो जेमतेम अर्धा मिनिट, आणि त्या बदल्यात ओहोटीने ओल्या ठेवलेल्या वाळूतले आकाशाचे प्रतिबिंब गमवावे लागते. मी खालीच उभा राहीन.

त्या संध्याकाळी खरी हानी मात्र नंतर झाली. “सूर्य गेला, आता काय बघायचं?” असे म्हणून दादाने सर्वांना गाडीत बसवले. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ उभाच खाली उतरतो, बिंब क्षितिजाला टेकल्यापासून दिसेनासे होईपर्यंत दोन-अडीच मिनिटे लागतात आणि पुढच्या २०-२५ मिनिटांत अंधारू लागते. पण याच अवधीत जमिनीवरून नाहीसा झालेला प्रकाश ८-१० किलोमीटर उंचीवरच्या विरळ ढगांना खालून लागतो. घाट चढताना गाडीच्या मागच्या काचेत आकाश आधी पिवळे, मग शेंदरी आणि मग जांभळट होत गेले. आई मान वळवून पाहत होती आणि तिची मान अवघडली, तरी दादा म्हणाला की, वळणावर गाडी थांबवता येत नाही. या मुद्द्यावर तो बरोबर होता, पण निघायचेच नव्हते.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. अंधार इतका लवकर पडतो की विजेरी जवळ नसेल तर शेवाळलेल्या खडकांवर जाऊ नये आणि खडकांना वळसा घालून जाणारी वाट असेल, तर भरतीची वेळ पाहिल्याशिवाय पलीकडे उतरू नये. बिंब डोळ्यांना कितीही सौम्य वाटले तरी त्यावर दुर्बीण रोखू नये. आणि हेही खरे की, क्षितिजालगत ढगांची भिंत असेल, तर रेघ, मूठ, नकाशा सगळे फुकट जाते.

परवाच्या एप्रिलच्या मध्यास दादा एकटाच त्या ठिकाणी गेला आणि त्याने मला दोन खडकांच्या फटीत टेकलेल्या सूर्याचे छायाचित्र पाठवले. खाली लिहिले होते, “जागा तीच आहे, बघ.” जूनकडे जाताना एकदा आणि तिथून परतताना एकदा, असा सूर्य त्या दिशेला वर्षातून दोनदा येतो, त्यामुळे आता तो तिथे पुन्हा ऑगस्टच्या अखेरीस दिसेल, असे मी उलट कळवले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.