लहान दूध उत्पादक दुधाच्या स्वच्छतेचे नियम कशामुळे पाळू लागतात?

तुम्ही विचारलंय की प्रशिक्षण मिळूनही बरेच छोटे दूध उत्पादक जुन्याच पद्धतीने धार काढतात, मग जे बदलतात ते नेमके कशामुळे? मी बरीच वर्षं संकलन केंद्रावर दूध तपासतोय, त्याआधी घरच्या दोन गायी होत्या. माहिती नाही म्हणून अडलेला माणूस मला क्वचितच भेटला. हात धुवावेत, कास पुसावी, आजारी जनावराचं दूध वेगळं काढावं, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. अडतं ते कष्ट कोणाचे आणि फायदा कोणाचा, इथे.

एका बाईंची गाय दीड-दोन लिटरने उतरली होती. वैरण तीच, पेंड तीच, कासेला सूज नाही, दुधात गाठी नाहीत. ‘वेत सरत आलंय, आटणारच,’ असं त्यांनी ठरवून टाकलेलं. मी चार वाट्यांची प्लास्टिकची पाटी काढली, एकेका सडाची थोडी धार एकेका वाटीत घेतली, तेवढंच तपासणीचं द्रावण ओतलं आणि पाटी गोल फिरवली. तीन वाट्यांतलं दूध पाण्यासारखं फिरत राहिलं. चौथीतलं अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट होऊन मधोमध गोळा झालं. बाईंनी पाटी माझ्या हातातून घेतली, स्वतः फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, ‘म्हणजे दगडी आतल्या आत आहे?’

हीच सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट), म्हणजे दगडी किंवा कासदाह ओळखायची चाचणी, १९५७ पासून वापरात आहे. कासेत संसर्ग असला की दुधात पांढऱ्या पेशी वाढतात, द्रावणाने त्या फुटतात आणि त्यातल्या डीएनएमुळे दूध चिकट होतं. मुक्या कासदाहात डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त दूध कमी होत जातं. त्या दिवसापासून बाई धार संपली की सड जंतुनाशकात बुडवू लागल्या. वैरणही धारेनंतर टाकू लागल्या. सडाचं तोंड धारेनंतर साधारण अर्धा तास उघडं असतं, तेवढ्यात जनावर शेणात बसलं की जंतू आत जातात. पुढे खाणं असलं की ते उभं राहतं. याला पैसा लागत नाही, म्हणून हे सगळ्यात लवकर रुजतं. ग्राहकाच्या तब्येतीचा विषय आमच्या बोलण्यात एकदाही निघाला नव्हता.

आता याच्या उलट बाजू बघा. जनावराला प्रतिजैविक दिलं की औषधावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत त्याचं दूध केंद्रावर घालायचं नाही, हा नियम. औषधाचा खर्च झालेलाच असतो, वर तितक्या दिवसांचं दूध ओतून द्यायचं. ते दूध दिसायला, चवीला चांगलंच असतं. कधीकधी विरजण नीट लागत नाही तेव्हा कळतं, पण तेव्हाही दूध कोणाचं होतं ते कळत नाही, कारण ४० लिटरच्या कॅनमध्ये दहा जणांचं दूध एकत्र झालेलं असतं. स्वच्छ दूध घालणाऱ्यालाही तोच दर. अशा ठिकाणी नियम पाळणारा स्वतःला मूर्ख समजायला लागतो आणि मला त्याचं फारसं चुकीचं वाटत नाही.

म्हणून प्रत्येकाच्या किटलीतला नमुना वेगळा घेतला की वागणं बदलतं. हे जुनंच आहे. अमेरिकेत दुधाचे पैसे वजनावर मिळायचे तेव्हा पाणी घालणारा किंवा साय काढून घेणारा फायद्यात असायचा. १८९० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी फॅट मोजायची सोपी चाचणी दिली आणि फॅटवर पैसे मिळू लागले. मग पाणी घालून हाती काय लागणार? पण जे मोजतो तेवढंच सुधारतं, हेही ध्यानात ठेवा. प्रथिनं नायट्रोजनवरून मोजली जातात हे हेरून चीनमध्ये दुधात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन मिसळलं गेलं. ते २००८ मध्ये उघड झालं. त्यात सहा बाळं दगावली आणि जवळपास तीन लाख आजारी पडली.

बुरशी लागलेल्या पेंडीतून दुधात उतरणारं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तर शेतकऱ्याला दिसतही नाही आणि उकळूनही जात नाही. तिथे नुसत्या उपदेशाने काही होईल असं मला वाटत नाही. पेंड कोरडी ठेवायला जागा आणि चांगल्या पेंडीचा जास्तीचा खर्च कोणीतरी उचलायला हवा.

थंड करण्याचंही तसंच. दूध कासेतून अंगाइतकंच गरम येतं. दर अर्ध्या तासाला जंतू दुप्पट झाले तर पाच तासांत हजारपट होतात. हे आकडे सांगितले की सगळे मान डोलावतात, पण ज्याच्याकडे वीज नाही त्याने काय करायचं? त्याला दोनच मार्ग: केंद्र जवळ हवं किंवा गाडी लवकर यायला हवी.

अजून एक गोष्ट, जी कागदावर फार कमी दिसते. प्रशिक्षणाला पुरुष बसतात आणि धार बऱ्याच घरांत बाई काढते. किटली गरम पाण्याने धुऊन उलटी टांगायची म्हणजे पाणी तिनेच आणायचं आणि तापवायचंही तिनेच. तुम्ही यावर पाहणी करणार असाल तर ‘स्वच्छतेचं महत्त्व माहीत आहे का’ हे विचारू नका, सगळे हो म्हणतील. किटली धुवायचं पाणी कुठून येतं ते विचारा.

आणि शेजार सोडू नका. त्या बाई पुढच्याच आठवड्यात शेजारच्या दोघींना घेऊन पाटी मागायला आल्या. मी दिली. ती अजून परत आलेली नाही.