नाताळ आपला नसतो का?

चिमणे,

काल बाईंनी वर्गात सगळ्यांना नाताळची घरची गोष्ट आणायला सांगितली, तेव्हा तू म्हणालीस, 'आमच्याकडे नाताळ नसतो, आम्ही मराठी आहोत.' रात्री मला विचारलंस, 'बरोबर सांगितलं ना, बाबा?' मी पेंगत होतो, 'हूं' म्हणून मोकळा झालो. चुकलंच माझं. म्हणून डब्याच्या पिशवीत ही चिठ्ठी.

मी वसईत वाढलो, हे तुला ठाऊक आहे. तिथे १५३४ पासून पोर्तुगिजांचं राज्य होतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले. 'नाताळ' हा शब्द त्यांच्याच भाषेतला, तो मात्र राहिला. आमच्या आळीत निम्मी घरं ख्रिस्ती होती. त्यांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मराठीत आणि भांडणं कादोडी या तिथल्या बोलीत. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे बाईंना नाही सांगितलंस तरी चालेल, तुला माहीत असू दे.

आता गोष्ट. शेजारी एक मावशी राहायची, लाल लुगड्यातली, आवाज खणखणीत. दिवाळीला आमच्याकडून तिच्याकडे फराळाचं ताट जायचं आणि नाताळला तेच ताट करंज्या भरून परत यायचं. रिकामं ताट परत करायचं नाही, हा नियम दोन्ही घरांत सारखाच.

मी नऊ वर्षांचा असताना पितृपक्ष संपता संपता आजोबा गेले. सुतकामुळे नवरात्रात घट बसले नाहीत. घटासाठी आणलेले गहू पुडीत तसेच राहिले. दिवाळीतही घरात कढई चढली नाही. आम्ही पोरं नुसती ओट्यावर बसून दुसऱ्यांचे फटाके मोजत होतो. तेवढ्यात मावशी ताट घेऊन आली. नाताळच्या करंज्या तिने दिवाळीतच तळल्या होत्या. 'पोरांना कसलं आलंय सुतक,' एवढंच म्हणाली, आणि आजीजवळ खूप वेळ गप्प बसून राहिली. इतकी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती.

करंज्या दोन दिवसांत संपल्या. ताट मात्र घासूनपुसून फडताळात राहिलं. आजी येता-जाता त्याच्याकडे बघायची. वर्षाच्या आत तळण करायचं नाही म्हणत होती. मग त्यात घालायचं काय?

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी आजीने मला काळी माती आणायला पिटाळलं. त्या ताटात माती पसरली आणि वर पुडीतले गहू पेरले. देवघरातल्या काळोखात वाढलेलं घटाचं धान फिकट पिवळं असतं. मावशीला तिच्या गोठ्यासाठी, म्हणजे बाळ येशूच्या गव्हाणीभोवती मांडायला, हिरवं गवत लागायचं. म्हणून आजीने ताट ओट्यावरच्या उन्हात ठेवलं आणि मला राखणीला बसवलं. नऊ दिवस मी चिमण्या हाकल्या आणि एका शेळीशी झटापट केली. शेळीने एक कोपरा खाल्लाच.

२४ तारखेला संध्याकाळी आजी स्वतः ताट घेऊन गेली. आजोबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून कुणाकडे निघाली होती. मावशीने ते गवत गव्हाणीला अगदी लागून ठेवलं आणि शेळीने खाल्लेल्या कोपऱ्यात मातीची गाय बसवली. 'हिनेच खाल्लं म्हणू,' असं ती म्हणाली आणि दोघी हसायला लागल्या. आजीचं हसू मी तीन महिन्यांनी ऐकत होतो.

शुक्रवारी हीच गोष्ट सांग. शेळीचा भाग गाळू नकोस.

आणि हो, आज १५ तारीख आहे. ओट्यावर वाटीत गहू भिजत घातलेत, ते आईला फेकू देऊ नकोस. संध्याकाळी आलीस की पेरू.

तुझा,
बाबा